गोठलेलें सरोवर आणि नीरेचा कांठ

हिंवाळ्यांत चार दिवस एखाद्या सरोवराच्या कांठीं जाऊन राहावें, मासे धरावे, गाड्या उधळाव्या आणि ताजेंतवानें होऊन परत यावें, ही चाल आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत अलीकडे रूढ होऊं लागली आहे. मागील पिढीला हवापालट म्हटला कीं महाबळेश्वर किंवा पन्हाळा आठवे, आणि तोहि बहुधा वैद्यांच्या सांगण्यावरून. आतां भोरच्या पलीकडे नीरा-देवघर धरणाच्या फुगवट्याकांठीं शहरांतील मंडळी हौसेनें तंबू ठोकून राहतात. आम्हांस हा पालट मुळींच वाईट वाटत नाहीं. घरांतील स्त्रियांची चार दिवस स्वयंपाकघरांतून सुटका होते, एवढ्यावरूनहि तो स्तुत्य ठरावा.

आमचा थोरला पुतण्या अमेरिकेंत मिनेसोटा राज्यांत असतो. गेल्या मार्गशीर्षांत तो मुलाबाळांसह घरीं आला, तेव्हां आम्हां सर्वांचा मुक्काम हिर्डोशीस पडला. हें गांव भोरहून वरंध घाटानें महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हिरडस मावळांत आहे. खालीं नीरेचें अडविलेलें पाणी दूरवर डोंगरांच्या घड्यांत शिरलेलें दिसतें. रात्रीं शेकोटीभोंवतीं तिकडच्या हिंवाळ्याच्या गोष्टी निघाल्या. अमरकोशांतील हिमाचीं नांवें आम्हीं लहानपणीं घोकलीं, शाळेंत पुष्कळांकडून घोकवूनहि घेतलीं. परंतु प्रालेय आणि तुहिन यांतील भेद डोळ्यांनीं पाहण्याचा योग कधीं आला नाहीं. 'तुषार' शब्दाचा अर्थ तर मराठींत येतां येतां वितळून नुसता पाण्याचा शिंतोडा होऊन बसला. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या कडक पहाटे दंव गोठतें, तेवढेंच काय तें आपल्याकडील सरोवराचें हिम.

मिनेसोटांत मात्र सरोवरेंच्या सरोवरें गोठतात, आणि लोक त्यांवर चालत जाऊन गिरमिटानें भोंक पाडतात व त्यांत गळ सोडून बसतात. बर्फाखालीं मासे जगतात कसे, हा प्रश्न आमच्या धाकट्या वहिनींनीं विचारला. त्याचें उत्तर पाण्याच्या एका विलक्षण स्वभावांत आहे. बहुतेक पदार्थ थंड होतांना आकुंचन पावतात. पाणी ४ अंश सेल्सिअसपर्यंत तसेंच वागतें, आणि तेथून खालीं उलट प्रसरण पावूं लागतें. त्यामुळें बर्फ हलका होऊन वर तरंगतो, जड पाणी तळाशीं राहतें, आणि त्यांत मासे मंदपणें आपला हिंवाळा काढतात. पाणी इतर पदार्थांसारखें वागतें तर तळीं बुडापासून गोठत आलीं असतीं.

परंतु आमचें लक्ष त्या खेळापेक्षां त्याच्या नियमांनीं अधिक वेधलें. तेथील सरकारी खात्यानें मोजमाप ठरवून दिलें आहे. माणसानें पायीं जाण्यास नितळ बर्फाचा थर निदान ४ इंच हवा. बर्फगाडी किंवा लहान चौचाकी नेण्यास ५ ते ७ इंच. लहान मोटारीस ९ ते १० इंच. बर्फ पांढरा असेल तर ही जाडी दुप्पट धरावी. इतकें सांगून तेंच खातें पुनः बजावतें कीं, कोणताहि बर्फ पूर्णपणें निर्धोक नव्हे. बर्फावर खोपट उभारून तें रात्रभर तसेंच ठेवावयाचें तर परवाना लागतो, आणि मार्चमध्यें नेमलेल्या तारखेपर्यंत तें हलवावें लागतें.

बर्फगाडीची, म्हणजे स्नोमोबिलची, हकीकत ऐकून शेकोटीभोंवतालचें हंसणें थांबलें. (आम्हांस तिला 'हिमशकट' म्हणावेंसें वाटतें, मुलें थट्टा करितात.) कॅनडांतील क्वीबेक प्रांतांत जोझेफ-आर्मां बोंबार्दिए नांवाचा एक कल्पक कारागीर होता. १९३४ च्या हिंवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फानें बंद; रुग्णालयांत नेण्यास साधन नाहीं; मूल दगावलें. हिमावरून चालणाऱ्या गाडीच्या खटपटींत तो आधींपासूनच होता; पुढें तीन वर्षांत त्यानें सात माणसें नेणारी गाडी सिद्ध केली. तशा गाड्यांतून डॉक्टर गेले, टपाल गेलें, शाळेचीं मुलें गेलीं. हौसेनें उडविण्याची हलकी स्की-डू निघाली ती १९५९ मध्यें. ज्या खोऱ्यांतील घाटरस्ता पावसाळ्यांत दरडी कोसळून वारंवार बंद पडतो, तेथें बसून ही गोष्ट ऐकतांना कोणास कांहीं समजावून सांगावें लागलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मुलांनीं चौचाकीचा हट्ट धरला. पांचगणी-लोणावळ्याकडे मिळते तशी, जाड टायरांची, वाटेल तेथें चढणारी गाडी. बाहेरगांवचा एक मनुष्य ती टेंपोंत घालून आणावयास तयार होता. पाणी थोडें ओसरून कांठाशीं सपाट, काळाभोर पट्टा उघडा पडला होता. मुलांना तें आयतें मैदानच वाटलें. पुतण्या म्हणाला, "काका, एकदां येथील कोणाला तरी विचारूं." तिकडच्या बर्फानें त्याला ही संवय लावली असावी.

तंबूवाल्याचे वृद्ध चुलते तेथें गुरें घेऊन आले होते. ते म्हणाले, "गुरुजी, पानी हटलं का आमी हितं हरभरा टाकतो. परवाच टाकलाय. वरनं गाडी फिरली तर काय उगवंल?" मग त्यांनीं काठीनें मधल्या पाण्याकडे दाखविलें. "माझ्या बाची खाचरं त्या तिथं. दोन पुरुस खाली."

सुमारें ११.७ अब्ज घनफूट उपयुक्त साठ्याचें हें धरण. त्याच्या पोटांत किती बांध गेले असतील! ओसरत्या पाण्यामागून उघड्या पडणाऱ्या या जमिनीस गाळपेर म्हणतात, आणि ती कसण्यास देतांना धरणग्रस्तांस अग्रक्रम देण्याची सरकारी रीत आहे. पाहुण्यास तो पट्टा मोकळा दिसतो, कारण त्यास कुंपण नसतें. मिनेसोटांतल्यासारखा तक्ता येथें कोठें लावलेला नाहीं. म्हणून आलेल्यानें विचारावें, हाच काय तो नियम. आमच्या मतें तंबूच्या भाड्याइतकाच तो बंधनकारक आहे.

नातवानें विचारलें, "आजोबा, इथं जाडी किती?" बर्फाची विचारतात तशी त्यानें गाळाची विचारली. वृद्धानें काठी खुपसली. ती वीतभर गेली. चार पावलें पुढें हातभर गेली. मुलगा पटकन् मागें सरला.

गाडीवाल्यास नको म्हणून कळविलें. तो रागावला, पुतण्यानें विसार परत मागितला नाहीं. सायंकाळीं कांहीं कातकरी जाळीं ओढीत होते. त्यांच्यांतील एकानें मुलास दोरा, गरी आणि आमिष दिलें. आमच्या घरांत मासे शिजत नाहींत. पण बसण्यास काय हरकत! मुलगा कानटोपी ओढून दोन तास खडकावर बसला, आणि अखेर बोटाएवढी एक मासळी त्याच्या गळास लागली. वृद्ध म्हणाले, "सोड पान्यात, ल्हान हाय आजून." मुलानें ती सोडली, आणि तिकडे कोणता मासा किती इंचांचा झाल्यावांचून ठेवतां येत नाहीं, हें तो मोडक्यातोडक्या मराठींत त्यांस सांगूं लागला.