मारवाडच्या ताटातली शमी

जोधपूरला गेलेला पर्यटक खाण्याच्या बाबतीत सहसा निराश होत नाही. घंटाघराजवळच्या सरदार बाजारात सकाळी गरमागरम मिरचीवडा, मग पाकात बुडवलेली माव्याची कचोरी, वर घट्ट मखनिया लस्सी आणि रात्री हॉटेलात राजस्थानी थाळी. बाटी तुपात बुडालेली, चुरमा तुपात भिजलेला, तरी वाढपी आग्रह करकरून आणखी तूप ओततच असतो. दोन दिवसांत पोट तक्रार करू लागते आणि ‘मारवाडी जेवण म्हणजे नुसते तूप’ असे मत पक्के करून मंडळी घरी परततात.

बिचाऱ्या मारवाडवर हा अन्यायच आहे. त्याच बाजारात मसाल्याच्या दुकानांपुढे मांडलेल्या पोत्यांकडे जरा निरखून पाहावे. मथानियाच्या लालभडक मिरच्यांशेजारी एका पोत्यात तपकिरी, सुरकुतलेल्या काड्यांसारखे काहीतरी असते. दुसऱ्या पोत्यात मिऱ्यांहून थोडे मोठे, वाळलेले दाणे. काड्या म्हणजे सांगरी आणि दाणे म्हणजे केर. वाळवंटातल्या घराघरांतले खरे जेवण या पोत्यांत आहे.

सांगरी या खेजडीच्या कोवळ्या शेंगा; आणि खेजडी म्हणजे दुसरीतिसरी कोणी नसून आपली शमी! दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, पांडवांनी अज्ञातवासात जिच्यावर शस्त्रे लपवली असे सांगतो, तीच ही. आपल्याकडे ती पूजेपुरती उरली. मारवाडात मात्र ती थेट चुलीपर्यंत पोहोचली आहे. चैत्र-वैशाखात सारे रान करपलेले असते, तेव्हा खेजडीला हिरव्या शेंगा लागतात. बायका-मुले त्या कोवळ्या असतानाच तोडतात, उकडतात आणि उन्हात वाळवतात. झाडावर पिकून गोड झालेल्या शेंगा मुले तशाच चघळतात. पाला शेळ्या-उंटांना. शिवाय शेंगवर्गातले झाड असल्यामुळे जमिनीचा कस वाढतो आणि खेजडीखालची बाजरी चांगली येते. म्हणून शेतकरी ऐन शेताच्या मध्यावरही तिला राखतो. १८६८-६९ च्या दुष्काळात तर लोकांनी हिच्या सालीचे पीठ करून त्याच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि दिवस काढले.

ज्या प्रदेशात वर्षातले कितीतरी महिने ताजी भाजी दृष्टीस पडत नसे, तिथल्या गृहिणीने वाळवणालाच भाजी केले. केर, सांगरी, कुमटाच्या बिया आणि गुंदा म्हणजे आपली भोकरे. पाचवा जिन्नस कुठे आमचूर, तर कुठे लाल मिरची. हे झाले ‘पंचकुटा’. केर भारी कडवट. ते मिठाच्या पाण्यात नाहीतर ताकात काही दिवस भिजवून, पाणी बदलून कडूपणा काढावा लागतो. वाळलेली सांगरी रात्रभर भिजवून, उकडून, दोन-तीनदा धुऊन घ्यायची. मग तेलात जिरे-हिंगाची फोडणी, हळद, धणे, लाल मिरची, शेवटी आमचूर आणि आवडत असतील तर थोडे बेदाणे. पाणी जवळजवळ नाहीच, त्यामुळे भाजी प्रवासातही टिकते. होळीनंतर आठवड्याभराने येणाऱ्या शीतळेच्या सणाला तर ती आदल्या दिवशी करून थंडच खातात. चव? थोडी आंबट, थोडी तुरट, मागून येणारा किंचित धुरकट स्वाद. पहिल्या घासाला नवखा माणूस गोंधळतो. तिसऱ्या घासाला वाडगा पुढे करतो.

आणि या भाजीबरोबर गव्हाची पोळी नव्हे, सोगरा. सोगरा म्हणजे बाजरीची जाडजूड भाकरी. देशात सर्वांत जास्त बाजरी राजस्थानात पिकते. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह आणि ११ ग्रॅम प्रथिने असतात. सडलेल्या पांढऱ्या तांदळात लोह १ मिलिग्रॅमही भरत नाही. पण धान्यातले लोह सगळेच्या सगळे अंगी लागत नाही. बाजरीतले फायटिक आम्ल त्याला धरून ठेवते. इथेच मारवाडी आजीबाईंचे कौतुक वाटते. त्यांनी बाजरीचे पीठ ताकात कालवून उन्हात आंबवायला ठेवले, संध्याकाळी मंद आचेवर शिजवले आणि सकाळी थंडगार प्यायला दिले. ही ‘राब’, आपल्या आंबिलीची मारवाडी बहीण. आंबवल्याने फायटिक आम्ल कमी होते, हे प्रयोगशाळेने पुढे सांगितले. उन्हात राबणाऱ्याला पाणी, मीठ आणि पोटाला आधार एकाच भांड्यात मिळतो, हे तिथे आधीच ठाऊक होते. (थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी मात्र रोज बाजरी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.) तूप इथेही असते, पण सोगऱ्यावर चमचाभर, आणि खाणारा दिवसभर शेतात खपणारा!

हॉटेलच्या थाळीत हे सारे सहसा नसते. असली तर केर-सांगरी दोन चमचे, तीही तेलात तरंगणारी. घरांतही सोगऱ्याची जागा गव्हाने घेतली आहे. कालव्याचे पाणी आले, रेशनचा गहू आला. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले आणि बाजरीची बिस्किटे शहरांत दिसू लागली. राबेची मडकी त्याने परत आली नाहीत.

खेजडीची कथा अधिक जिव्हारी लागणारी आहे. जोधपूरपासून साधारण २५ किलोमीटरवर खेजडली गाव आहे. १७३० मध्ये राजवाड्याच्या कामासाठी चुना भाजायला लाकूड हवे म्हणून दरबारची माणसे इथे खेजड्या तोडायला आली. अमृतादेवी बिश्नोई आणि तिच्या तीन मुलींनी झाडांना मिठी मारली. एकामागून एक ३६३ माणसे मारली गेली. भाद्रपद शुद्ध दशमीला त्यांच्या स्मरणार्थ इथे मेळा भरतो. आजही सौर ऊर्जा प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या जातात म्हणून पश्चिम राजस्थानात आंदोलने होतात. जी झाडे उभी आहेत, त्यांतली कित्येक कीड आणि बुरशीने वाळत आहेत. एकेकाळी दुष्काळातले अन्न असलेली सांगरी आता किलोला हजार रुपयांच्याही वर जाते आणि लग्नाच्या पंगतीत प्रतिष्ठेची भाजी म्हणून मिरवते. बीकानेरच्या संशोधकांनी ‘थार शोभा’ ही बिनकाट्याची कलमी जात काढली आहे. तिच्या शेंगा लवकर आणि सहज हाती येतात, एवढाच काय तो दिलासा.

जोधपूरला जाणारे बहुतेक जण थंडीत जातात, तेव्हा बाजारातली सांगरी सहा-आठ महिन्यांची असते. तीही चालते. फक्त बारीक, एकसारखी आणि आत बी न धरलेली पाहून घ्यावी. जाड शेंग कितीही शिजवली तरी दोरा राहतेच. नवी सांगरी मे-जूनमध्ये येते. तेव्हा पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो, बाजारात पर्यटक औषधालाही सापडत नाही, आणि जोधपूरच्या बायका डोक्यावरून पदर ओढून वर्षाचे डबे भरायला निघालेल्या असतात.