स्टिकरखालचं किन्नौर

किन्नौरच्या सफरचंदांवर वॉशिंग्टनचे स्टिकर चिकटवताना मी पुण्यातल्या एका फळवाल्याला पाहिलं, त्याला आता काही वर्षं झाली. राग मात्र अजून गेलेला नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं हिमाचलात, सतलजकाठी झाकडीला होतो. खाली रामपूर, त्याच्याही पुढे कोटगढ-ठानेदारच्या बागा आणि वर किन्नौर. तिथं नुसतं ‘सफरचंद’ कोणी म्हणत नाही. आपण हापूस की पायरी असं विचारतो, तसं तिथं रॉयल, गोल्डन, रेड गोल्ड, टाइडमन असं जातीनंच बोलतात. जुलैत आंबटसर टाइडमन येतं, ऑगस्ट-सप्टेंबरात रॉयल, आणि ऑक्टोबरात सगळीकडची तोडणी आटपत आली की वरून किन्नौरच्या पेट्या उतरू लागतात. उंची जास्त, रात्री थंड, त्यामुळे फळ सावकाश तयार होतं. ते कडक असतं, रसाळ असतं आणि टिकतंही खूप. चावलं की आवाज येतो.

पुण्याला परत आल्यावर दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी फळं घ्यायला गेले. दुकानाच्या मागच्या बाजूला पेटी उघडी पडलेली. आत कागदाच्या कातरणात बसवलेली सफरचंदं, सालीवर ती पुसट पांढुरकी झाक, जी झाडावरच्या फळाला स्वतःचीच असते. खालच्या टोकाला पाच उंचवटे. ही पेटी मी रामपूरच्या रस्त्यावर इतकी पाहिली होती की वरचं नाव वाचायचीही गरज नव्हती. दुकानातला पोरगा एकेक फळ उचलून ओल्या फडक्यानं पुसत होता, पांढुरकी झाक गेली की लाल साल चमकायची, आणि मग मांडीवरच्या गुंडाळीतून एक स्टिकर सोडवून तो अंगठ्यानं दाबत होता. समोर पाटी होती : वॉशिंग्टन, २४० रुपये किलो. शेजारच्या ढिगावर तीच सफरचंदं, तशीच न पुसलेली, १६०.

मी मालकाला विचारलं, “अहो भाऊ, हे किन्नौर आहे ना?”

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “काकू, तुम्हाला कळतंय तर तुम्ही एकशेसाठवालं घ्या की. किन्नौर म्हटलं तर लोक विचारतात, ते काय असतं? वॉशिंग्टन म्हटलं की पिशवी पुढे करतात.”

तो लाजला नाही, हे मला जास्त लागलं.

त्या काळात अमेरिकेतून येणाऱ्या या वॉशिंग्टन सफरचंदावर ७० टक्के आयात शुल्क होतं. २०१९ मध्ये ५० वरून ७० केलं, ते २०२३ मध्ये पुन्हा ५० वर आणलं. म्हणजे तेव्हा खरं वॉशिंग्टन महाग आणि कमी, आणि स्टिकर मात्र हवे तेवढे. ग्राहकाचे किलोमागे ऐंशी रुपये गेले, ते वाईटच. पण त्याहून वाईट वाटतं ते बागवाल्याचं. हिवाळ्यात बर्फात उभं राहून छाटणी करायची, एप्रिलात फुलोरा आला की गारपिटीच्या धास्तीनं जाळ्या टाकायच्या, पावसाळ्यात रस्ता खचला की भरलेले ट्रक अडकून पडायचे, आणि शेवटी फळ उत्तम निघालं म्हणूनच त्याचं नाव पुसायचं! खराब निघालं असतं तर नाव राहिलं असतं. हा अन्याय आहे, आणि तो पुण्यात, आपल्या गल्लीत होतो.

आणि जात तरी वेगळी कुठे? किन्नौर आणि वॉशिंग्टन, दोन्ही डेलिशसच. सॅम्युएल स्टोक्स नावाचा अमेरिकन तरुण १९०४ मध्ये हिंदुस्थानात आला, कोटगढला राहिला, असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेला, पुढे सत्यानंद स्टोक्स झाला. त्यानं १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून डेलिशसची रोपं आणून लावली आणि त्या डोंगरांचं नशीब पालटलं. तिकडे अमेरिकेत मात्र जास्तीत जास्त लाल दिसणारे वाण निवडता निवडता चव मागे पडली. २०१८ मध्ये तिथंच गाला या जातीनं रेड डेलिशसला उत्पादनात मागे टाकलं. त्यांच्या लोकांना जे नकोसं झालं, त्याचं नाव आपण आपल्या चांगल्या फळावर चिकटवतो.

लाल रंगाच्या या वेडापायी सगळ्यात जास्त मार खातं ते गोल्डन. सफरचंदाच्या झाडाला स्वतःच्या जातीच्या परागानं फळ नीट धरत नाही, दुसरी जात जवळ लागते. म्हणून रॉयलच्या बागेत मध्येमध्ये गोल्डनची झाडं लावतात. एप्रिलात भाड्यानं मधमाश्यांच्या पेट्या आणतात. ठानेदारजवळच्या एका बागेत मी पाहिलं आहे, की गोल्डनची झाडं कमी पडली म्हणून बागवाल्या बाईंनी त्याच्या फुललेल्या फांद्या कापल्या, पाणी भरलेल्या बाटल्यांत खोचल्या आणि त्या बाटल्या रॉयलच्या झाडांवर सुतळीनं बांधल्या. म्हणजे लाल फळ धरतं ते या पिवळ्याच्या जिवावर. आणि मंडईत? “पिवळं सफरचंद? कच्चं आहे का?” असं विचारून लोक पुढे जातात. भाव पडतो. बाई म्हणाल्या होत्या, गोल्डन विकून पेटीचा खर्चही कधी कधी निघत नाही. खरं तर पिकलेल्या गोल्डनला मधासारखा वास असतो आणि शिजवायला त्याच्यासारखं दुसरं नाही. रॉयल शिजवलं की बेचव लगदा होतो. गोल्डनच्या फोडी मात्र आकार धरून राहतात. मी त्याचा साखरांबा करते, वेलची घालून. हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळालं तर कैरी नसतानाच्या दिवसांत त्याचं ताजं लोणचं घालते.

आता कोणी म्हणेल, लाल नकोच. तसंही नाही. सप्टेंबरात झाडावर तयार झालेलं कोटगढचं रॉयल मी कशासाठीही सोडणार नाही. प्रश्न घाईनं तोडलेल्या आणि महिनोन् महिने कोठारात राहून पिठूळ झालेल्या लालचा आहे. म्हणून घेताना सालीची चमक बघू नका, ती मेणाचीही असते. देठाजवळच्या खळग्यात बघा. तिथं हिरवट असेल तर कच्चं तोडलेलं, पिवळसर असेल तर तयार. आकारानं फार मोठं घेऊ नका, ते लवकर भुसभुशीत होतं. हातात जड लागलं पाहिजे. घरी आणल्यावर फ्रीजमध्येच, पण पालेभाजीपासून लांब ठेवा. सफरचंदातून जो वायू निघतो त्यानं भाजी पिवळी पडते. आणि चिरल्यावर गाभ्याभोवती ओलसर, अर्धपारदर्शक भाग दिसला तर नासलं म्हणून फेकू नका. तिथं साखरेचा रस साठलेला असतो. जपानात फुजी जातीचं असं फळ लोक जास्त पैसे देऊन मागून घेतात. फक्त ते टिकत नाही, लगेच खायचं.

त्या फळवाल्याकडे मी पुढे गेलेच नाही, असं मात्र नाही. जाते. आमच्या भागात किन्नौर त्याच्याकडेच चांगलं येतं. मात्र दरवेळी चार माणसांसमोर मोठ्यानं नाव घेऊन मागते. गेल्या हंगामात त्यानं एका ढिगावर ‘किन्नौर’ अशी पाटी लावली होती. दुसऱ्या ढिगावर स्टिकर होतेच.

येत्या ऑक्टोबरात तुम्हीही नावानं मागा. किन्नौर मागा, गोल्डन मागा. नसेल तर आणायला सांगा. गिऱ्हाईक मागतं तेच दुकानदार आणतो.