मधोमध मांडलेले आकडे

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचं पगारपत्रक मी करतो. चूक माणूस करतो, एक्सेल करत नाही, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. त्यातही चुकणारा माणूस म्हणजे कामगार, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून येणारे एक मामा पगाराच्या दुसऱ्या दिवशी टेबलाशी आले. “साहेब, ओव्हरटाइम २६ तास झालाय. १७च लागलाय.” हातात तेलकट बोटांनी काळवंडलेली छोटी डायरी. मी ती उघडलीही नाही. “मामा, बेरीज कॉम्प्युटरने केलीय. तुमचीच चुकली असेल.” ओव्हरटाइमला दुप्पट दर; ९ तास गेले म्हणजे १८ तासांची मजुरी गेली. हे मला पाठ होतं. मामा काही न बोलता मशीनवर परत गेले.

संध्याकाळी ऑफिसातली शिकाऊ मुलगी म्हणाली, “सर, मी एकदा शीट बघू?” मी नाखुशीनेच खुर्ची सरकवली. कॅल्क्युलेशन ऑटोमॅटिकवर आहे ना, ते तिने पाहिलं. एफ-नाइन दाबलं. बेरीज १७च. मला आतून बरं वाटलं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

मग तिने सगळा कॉलम निवडला आणि मी लावलेलं सेंटर अलाइनमेंट काढलं. आकडे सरसर उजव्या कडेला गेले. तीन मात्र डाव्या कडेला जाऊन चिकटले: ३, ४ आणि २.

एक्सेल आकडा उजवीकडे ठेवतं, मजकूर डावीकडे. हे तीन आकडे त्याच्या लेखी मजकूर होते. सुपरवायझरच्या मेसेजमधून मी ते कॉपी-पेस्ट केले होते आणि प्रत्येकामागे एक न दिसणारी स्पेस आली होती. तिने ‘लेन’ लावून पाहिलं, तर ३ या एका आकड्याची लांबी २ भरली. ‘ट्रिम’नेही ती स्पेस गेली नाही; ‘सब्स्टिट्यूट’ने काढावी लागली. एकेक सेल अधिकच्या चिन्हाने जोडला असता तर एरर आली असती. ‘सम’ मात्र मजकूर गाळून उरलेल्यांची बेरीज देतो आणि काही गाळलं हे सांगत नाही.

शीट नीटनेटकी दिसावी म्हणून आकडे मधोमध मीच आणले होते. नजरेला दिसू शकणारी खूण मीच पुसली होती. पण डायरी तर समोर होती. ती मी उघडली नाही, याचा दोष कुठल्या फॉर्म्युल्याला देऊ?

पुढे वाचनात आलं, की राइनहार्ट आणि रोगॉफ या हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या गाजलेल्या निबंधात एक्सेलमधल्या सरासरीच्या फॉर्म्युल्यातून ५ देश सुटले होते. २०१३ मध्ये ते दाखवून दिलं थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने. मोठ्यांचंही चुकतं, एवढ्याने माझं समाधान झालं नाही. त्या विद्यार्थ्याला मूळ शीट पाहायला मिळाली होती. मामांना मी काय दाखवलं होतं?

दुसऱ्या दिवशी मशीनपाशी जाऊन मामांची माफी मागितली, फरक मिळवून दिला. आता प्रत्येक बेरजेखाली ‘काउंट’ आणि ‘काउंट-ए’ लावतो. पहिला फक्त आकडे मोजतो, दुसरा भरलेला प्रत्येक सेल; दोन्ही जुळले नाहीत तर पत्रक पुढे जात नाही. कुणी डायरी आणली, तर आधी ती वाचतो.

मागचे सहा महिनेही तपासले. आणखी दोघांचे तास गळले होते. त्यातला एक काम सोडून गेला होता. त्याने कधी तक्रार केली नव्हती. त्याच्याकडे डायरी नव्हती; तो माझ्या बेरजेवर विश्वास ठेवून गेला.