रसाचं बोलावणं

7 जून 2021 पासून राज्यात कोरोनाचे निर्बंध पाच स्तरांत सैल झाले आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं. अकोल्याहून आत्याचा फोन: "आंबे सराले आले, रसाले कवा येता?"

बाबा लगेच तयार. अमरावतीहून शंभरेक किलोमीटर. मूर्तिजापूरला चहा घेतला तरी जेवणाआधी पोचू.

दादा हटून बसला. फेब्रुवारीतही सगळे 'गेला कोरोना' म्हणत लग्नं जेवत फिरले, आणि 22 तारखेला अमरावती-अचलपूरला पुन्हा कुलूप लागलं. अकोलाही सुटलं नाही. शिवाय बाबांचा कोविशिल्डचा दुसरा डोस 84 दिवसांच्या अंतरात अडकलेला. त्याचं खोटं नव्हतंच. पण आत्यानं विचारलं, "मंग का मेल्यावर येसान पाह्याले?" याला कोणत्या स्तराचा नियम लावायचा? मी आत्याच्या बाजूची, हे उघडच आहे.

शेवटी तडजोड: अंगणात बसायचं, मास्क लावून, मुक्काम नाही.

"मास्क लावून रस कसा पेतेत?" आईनं विचारलं. दादाला हसू आवरलं नाही.

अटी ऐकून आत्यानं रागानं फोन ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. कुरड्या तळू का, विचारत होती.