मार्साश्लोकच्या उपसागरात

व्हॅलेटाहून दक्षिणेकडे जाणारी बस रविवारी मासळीबाजाराच्या गर्दीने भरलेली असते. मार्साश्लोकच्या धक्क्याला निळ्या-पिवळ्या लुझ्झू होड्या लागलेल्या, प्रत्येकीच्या नाळेवर डोळ्यांची रंगवलेली जोडी. पर्यटक त्यांचेच फोटो काढतात. मी मात्र आले होते ती होड्यांमागचा उपसागर पाहायला. ‘ब्रेकनशायर’ इथेच बुडाले.

ग्लेन लाइनसाठी हाँगकाँगच्या ताइकू गोदीत बांधले जात असलेले हे मालवाहू जहाज ब्रिटिश आरमाराने पूर्ण होण्याआधीच ताब्यात घेतले. कारण उघड होते: ते वेगाने धावे, आणि त्याच्या टाक्यांत सुमारे 5,000 टन तेल मावे. तळाशी तेल, वर दारूगोळा. अशा जहाजावर नोकरी करणाऱ्यांची रात्र कशी जात असेल! तरीही दुसऱ्या महायुद्धात वेढ्यात सापडलेल्या माल्टाला ते पुन्हा पुन्हा रसद पोहोचवत राहिले.

मार्च 1942 मध्ये अलेक्झांड्रियाहून ते इतर तीन मालवाहू जहाजांसह निघाले. 22 तारखेला सिर्तच्या आखाताजवळ ब्रिटिश अॅडमिरल व्हियान यांनी धुराच्या पडद्याआडून बलाढ्य इटालियन आरमाराला थोपवले. इतिहासाची पुस्तके या डावपेचांवर पानेच्या पाने खर्च करतात. माझ्या मते खरी गोष्ट त्या दिवशी गमावलेल्या तासांची आहे. ताफा अंधारातच माल्टाला पोहोचायचा होता. लढाईमुळे उशीर झाला, 23 तारखेचा दिवस उजाडला आणि बॉम्बफेकी विमानांना जहाजे उघड्यावर सापडली. ‘क्लॅन कॅम्पबेल’ बुडाले. ‘ब्रेकनशायर’ किनारा अगदी जवळ आला असताना बंद पडले. 25 तारखेला ते ओढत या उपसागरात आणले, पण विमानांनी पाठ सोडली नाही. 27 तारखेला ते बुडून कुशीवर कलंडले. व्हॅलेटाला पोहोचलेली उरलेली दोन्ही जहाजेही बंदरातच बॉम्बला बळी पडली. चारही जहाजांचा मिळून जवळपास 26,000 टन माल होता, त्यातला जेमतेम 5,000 टन बेटाच्या हाती लागला.

पलीकडे बिरझेब्बुजाला आज फ्रीपोर्टच्या क्रेन कंटेनर उतरवत असतात. मासळी घेऊन झाली की तिकडेही एक नजर टाका. 1942 मध्ये इथे माल उतरवणे इतके सोपे नव्हते: कलंडलेल्या ‘ब्रेकनशायर’च्या पोलादाला भोके पाडून त्याच्या टाक्यांतून शेकडो टन तेल उपसले गेले, आणि इंधनाला भुकेलेल्या त्या बेटावर ते तेल वापरलेही गेले. युद्धानंतर सांगाडा वर काढून भंगारासाठी नेला, तो इटलीला.