हवेच्या पंपाचा दोष

गुरुवार, ९ जानेवारी २०२५
माधवनगर, उज्जैन

सकाळी आठला भाच्याचा फोन आला. तिकडे कॅलिफोर्नियात बुधवारची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले. त्याने १९८४ ची माझदा आरएक्स-७ घेतली आहे. लहानपणी माझ्या कार्यशाळेत येऊन बसायचा तेव्हापासून त्याला रोटरी इंजिनाचं वेड. मीच फळ्यावर तो तिकोनी रोटर काढून दाखवला होता, म्हणून त्याचा आनंद मला थोडा माझाही वाटला.

पण फोन आनंदाचा नव्हता. "मामा, बोनेट उघडलं की डोकं फिरतं. हे बघा." त्याने फोन इंजिनावर धरला. कार्बोरेटरच्या भोवती काळ्या बारीक नळ्यांचं जाळं, त्यात वायरी आणि छोट्या डब्या. तिकडचे हौशी लोक त्याला उंदराचं घरटं म्हणतात म्हणे. शेजारी पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप आणि खाली एकापाठोपाठ तीन कॅटलिटिक कन्व्हर्टर. त्याला हे सगळं उपटायचं आहे. भोकांवर पत्रे ठोकायचे, सरळ पाइप टाकायचा. मला विचारत होता की पत्रा किती जाडीचा घेऊ.

मी विचारलं, गाडीला होतंय काय? उभी असताना इंजिन वरखाली होतं आणि पाय उचलला की सायलेन्सरमधून बार निघतो. "पंपाचा पट्टा काढून बघितला, मामा. बार बंद! म्हणजे दोष पंपाचाच."

मी म्हटलं, दोन दिवस पाना बाजूला ठेव. पट्टा काढल्यावर आवाज थांबला, एवढ्यावर मी माणसाला दोषी धरणार नाही, पंपाला कसा धरू?

शुक्रवार, १० जानेवारी

रात्री झोप नीट लागली नाही. जुन्या वह्या काढल्या.

या रोटरी इंजिनात पिस्टन नाही, झडपा नाहीत. यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल उघडलेल्या कुणालाही हे लवकर समजेल, कारण तिथंही भोकं उघडतात आणि मिटतात. भाच्याच्या गाडीत दोन रोटर, प्रत्येकी ५७३ घनसेंटिमीटर, मिळून ११४६. पिस्टनच्या इंजिनात पेट्रोल एका आटोपशीर जागेत जळतं. इथं ती जागा लांबट, चपटी आणि रोटरबरोबर सरकत जाणारी. थंड भिंतीला चिकटलेल्या मिश्रणापर्यंत ज्वाळा पोचतच नाही. म्हणून एका रोटरला दोन-दोन प्लग देऊनही थोडं पेट्रोल न जळता बाहेर पडतं. त्यात टोकाच्या सीलांना वंगण मिळावं म्हणून हे इंजिन स्वतःचं ऑइलही थेंब थेंब पीत असतं. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र त्या मानाने कमी. घडणच तशी आहे, कारागिराची चूक नव्हे.

मग उरलेलं पेट्रोल जाळायचं कुठे? बाहेर, एग्झॉस्टमध्ये. पंप ताजी हवा एग्झॉस्टच्या तोंडाशी सोडतो, तिथं आधीच भयंकर उष्णता असते, आणि आत अर्धवट राहिलेलं जळण तिथं पुरं होतं. गाडीने वेग धरला की एक झडपेचा डबा तीच हवा कन्व्हर्टरकडे वळवतो. त्या नळ्यांचं काम एवढंच, की इंजिनाचा श्वास बघून डब्याला सांगायचं, आता इकडे, आता तिकडे.

फेलिक्स वांकेलचं इंजिन एनएसयूच्या कारखान्यात १९५७ साली पहिल्यांदा चाललं. माझदाने ते घेतलं तेव्हा आतल्या चकचकीत भिंतीवर सीलांच्या थरथरीने आडव्या खुणा पडायच्या. केनिची यामामोतो यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे असं नाव दिलं होतं. कार्बनची सीलं करून त्यांनी ते ओरखडे घालवले आणि १९६७ ला कॉस्मो बाजारात आली. १९७० च्या अमेरिकी कायद्याने धूर नव्वद टक्के घटवायला सांगितलं, तेव्हा मोठमोठे कारखानदार हात वर करत होते. होंडाच्या पाठोपाठ माझदानेच दाखवलं की ते जमतं. एग्झॉस्टवर जाड कवचाची भट्टी बसवली, तिला हवा दिली. तिची किंमतही मोजली, कारण भट्टी पेटती राहायला मिश्रण पेट्रोलने भरलेलं लागायचं. १९७३ च्या तेलटंचाईत तहानलेली गाडी म्हणून तिचं नाव झालं, कंपनी जेरीस आली. तरी इंजिन सोडलं नाही. मिश्रण सौम्य केलं, भट्टीच्या जागी कन्व्हर्टर आणले.

मला भाच्याला हेच सांगायचं आहे. सील करणारे हात आणि या नळ्या जोडणारे हात एकाच कारखान्यातले. एकाला प्रतिभा म्हणायचं आणि दुसऱ्याला कचरा, हे मला पटत नाही.

रविवार, १२ जानेवारी

आज लिहून टाकतो, नाहीतर भाच्याला उपदेश करायचा मला अधिकार नाही.

१९९९ साली मुंबईच्या चुलतभावाकडून झेन गाडी घेतली. ती १९९६ ची होती. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला होता, त्यामुळे हिच्या पोटाखाली तो होता. इकडे तसा दंडक नव्हता. शिसं नसलेलं पेट्रोल देशभर मिळू लागलं ते १ फेब्रुवारी २००० पासून. मी जवळच्या पंपावर मिळेल ते भरत गेलो. शिशाचा थर बसला की कन्व्हर्टरमधलं प्लॅटिनम मरतं, कार्यशाळेतल्या मुलांना मी हे शिकवतही होतो. तरी भरलं.

नंतर गाडी ओढेना, तेव्हा मी तो डबा काढला आणि पहारीने आतली चिनीमातीची जाळी फोडली. पाचसहा विद्यार्थी भोवती उभे होते. जाळीचा करडा चुरा अंगणात पडला, तो बायकोने झाडून काढला. रिकामा डबा परत बसवला, म्हणजे खालून पाहणाऱ्याला वाटावं की आहे सगळं. गाडी छान पळाली. मुलांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

त्यातले काही जण आज गॅरेज चालवतात. त्या दुपारी मी एक डबा फोडला एवढंच झालं नाही. ही म्हणाली, "इतक्या वर्षांनी का उकरताय?" भाच्याने पत्र्याची जाडी विचारली म्हणून.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

गच्चीवर पतंग, गल्लीत गिल्ली-दांडू. पहाटे शिप्रेच्या रामघाटावर गेलो होतो. पाणी बरं होतं. दर साली स्नानाआधी त्रिवेणीजवळ कान्ह नदीवर मातीचा बांध घालतात, इंदूरचं सांडपाणी अडवतात आणि नर्मदेचं पाणी सोडतात. बांध फुटला की घाट काळा. इंदूरला नळ सोडणाऱ्याला आमचा घाट दिसत नाही, आणि सायलेन्सरच्या पुढे बसलेल्यालाही मागचा रस्ता दिसत नसतो.

भाच्याला तिळगूळ फोनवरच दिला.

शनिवार, १८ जानेवारी, रात्र

रात्री साडेदहा ते एक, तिकडे सकाळ. आज काम केलं.

त्याला आधी बोनेटच्या आतलं स्टिकर शोधायला लावलं. त्यावर नळ्यांचा नकाशा छापलेला असतो. निम्मा पुसला होता. राहिलेल्यावरून त्याने कागदावर चित्र काढलं, प्रत्येक नळीला कागदाची चिठ्ठी आणि आकडा. दीड तास गेला. कंटाळला होता, पण बोलला नाही.

मग इंजिन सुरू. फुरफुर, मध्येच अडखळणं. पंखा आणि पट्टे सांभाळून एक रबराची लांब नळी कानाला लावायची आणि दुसरं टोक हळूहळू फिरवत न्यायचं. आमच्या उस्तादाने शिकवलेली ही रीत हजारो मैलांवर चालली. कार्बोरेटरच्या मागे सुस्कारा ऐकू आला. ती नळी चिमट्याने दाबली तर इंजिन एकदम स्थिर झालं. बाहेर काढली तर वळणावर उभी चीर गेलेली, चाळीस वर्षांत बिस्किटासारखी ठिसूळ झालेली.

ती चीर होती आफ्टरबर्न टाळणाऱ्या झडपेच्या नळीला. मला आठवडाभर शंका होतीच. पाय झटकन उचलला की मॅनिफोल्डमध्ये जोराची ओढ तयार होते, भिंतीवरचं पेट्रोल उडून मिश्रण इतकं घट्ट होतं की आत पेटतच नाही. ते तसंच तापलेल्या एग्झॉस्टमध्ये जातं, तिथं पंपाची हवा भेटते आणि बार निघतो. हे होऊ नये म्हणून ती झडप क्षणभर इनटेकमध्ये हवा सोडते. नळीच फाटली, तर झडपेला निरोप कोण देणार? पंपाचा पट्टा काढल्यावर बार थांबला, कारण पेटायला हवाच उरली नाही. न जळलेलं पेट्रोल जात होतंच, मुकाट्याने.

"म्हणजे पंप आपलं काम करत होता," भाचा म्हणाला. बराच वेळ तो त्या फाटक्या नळीकडे बघत होता.

मग एवढं मात्र मी मान्य केलं, की सरळ पाइपने ताकद वाढते. रोटरीच्या गरम वायूला मोकळी वाट मिळाली की फरक पडतो, हे खोटं नाही. त्याने १९९१ च्या ल माँचं नाव काढलं. चोवीस तासांची ती शर्यत चार रोटरांच्या ७८७बी ने जिंकली, जपानी गाडीचा तिथला पहिला विजय. तो आवाज मलाही प्यारा आहे. पण ती शर्यतीची गाडी होती, ही त्याच्या मुलीला शाळेत सोडणार आहे. पंप काढून वाचतात ते थोडे किलो. आणि पंप काढून कन्व्हर्टर ठेवला तर त्याला जाळायला प्राणवायूच मिळत नाही.

सोमवार, २० जानेवारी

स्कूटरचं ऑइल बदलायला जवळच्या गॅरेजमध्ये गेलो. कोपऱ्यात तीन कन्व्हर्टर पडलेले. भंगारवाला येऊन नेतो, आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमसाठी. मालक म्हणाला, "बाबूजी, इसमें रखा क्या है? गाडी खुल के चलेगी." डिझेल गाड्यांची, थोडा धूर परत इंजिनात नेणारी ईजीआर झडपही पत्रा लावून बंद करतो, गिऱ्हाइकं मागतात म्हणून.

मी विचारलं, पीयूसी? हसला. जुन्या गाड्यांना मर्यादाच सैल आहे. बीएस-२ च्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं, बीएस-२ आणि बीएस-३ च्यांना ०.५ आणि ७५०. माझी पोकळ डब्याची झेनही कागद घेऊन यायची. तपासणारा नळीत सळई घालतो, गाडीखाली वाकत नाही. कॅलिफोर्नियात वाकतो. १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांचा एकेक सुटा भाग डोळ्यांनी पाहतात, भाच्याच्या भागात वर चाकं रोलरवर ठेवून ताशी १५ आणि २५ मैलांवर धूरही मोजतात. आपल्याकडे कायदा नाही असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने धुराची मर्यादा मोडणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. वाकणारा माणूस हवा.

एका कन्व्हर्टरची जाळी फुटून बाहेर आली होती. मी तुकडा मागून घेतला. उजेडासमोर धरला तर मधमाशीच्या पोळ्यासारखी शेकडो चौकोनी छिद्रं, प्रत्येकातून आकाश दिसतं.

रविवार, २६ जानेवारी

टॉवर चौकातून झेंडावंदन बघून आलो. भाच्याला एक गोष्ट सांगितली, तो उडालाच. रोटरी इंजिन आपल्याकडेही झालं आहे. तेव्हाच्या अहमदनगरच्या व्हीआरडीई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने बंगळुरूच्या एनएएल आणि एडीईबरोबर ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन बनवलं आणि २००९ मध्ये कोलारला निशांत या मानवरहित विमानात ते उडवलं. हलकं म्हणून तिथं हे इंजिन हवं होतं. आता तो सुट्टीत नगरला जायचं म्हणतो. आत कोण सोडणार, पण जाऊ.

भाच्याकडे नव्या नळ्या आल्या आहेत. सिलिकॉनच्या, मापाच्या.

रविवार, २ फेब्रुवारी

वसंत पंचमी. हिने केशरी भात केला.

भाच्याचा फोन सकाळी आला. सगळ्या नळ्या बदलल्या, पंपाचा पट्टा परत चढवला, पाय उचलला तर बार नाही. काल तपासणीला नेली होती. डोळ्यांनी केलेली तपासणी पास, धूर पास, हायड्रोकार्बन मर्यादेच्या जरा आत. त्याने कागद कॅमेऱ्यासमोर धरला तेव्हा हात काळे होते, नखांत ग्रीस. मला फार बरं वाटलं.

एक काम राहिलं आहे. हवेच्या डब्यापासून कन्व्हर्टरकडे जाणाऱ्या जाड नळीचा शेवटचा वाकडा तुकडा आता कुणी बनवत नाही. सध्या हीटरची नळी कापून बसवली आहे, पण तिथली उष्णता ती फार दिवस सोसणार नाही. जुन्या तुकड्याचं माप त्याने पाठवलंय. उद्या फ्रीगंजमध्ये रबराच्या दुकानांत विचारतो, साचा करून देणारा कुणी मिळतो का.