कडी लावली का?

निजण्यापूर्वी एक प्रश्न विचारल्याशिवाय आमच्या आईला झोप येत नाही. "कडी लावली का?" मुरबाड तालुक्यातल्या आमच्या घरात चोराने डोळा ठेवावा असे काही नाही. चार भांडी, दोन कणग्या भात आणि एक पत्र्याची ट्रंक. शिवाय दाराशी कुत्रा. एकदा मी तिला म्हणालो, "अगं, कुत्रा आहे ना बाहेर?" ती म्हणाली, "कुत्रा भुंकायला. कडी आपणच लावायची."

मी एम. ए. झालो, कॉलेजात वीस वर्षे मराठी शिकवले. पण या साध्या वाक्याचा अर्थ कळायला मला एक संगणक लागला.

तो संगणक शहापूरच्या माझ्या बिऱ्हाडी आहे. घेतला तेव्हाच दुकानदाराच्या सल्ल्याने मी त्याच्यावर अँटिव्हायरस नेमला. नेमला म्हणतो, कारण दरसाल मी त्याचा पगार भरत असे. पहारेकरी बसला आणि मी निर्धास्त झालो. पासवर्ड म्हणजे मुलीचे नाव. कुणाचाही पेन ड्राइव्ह यावा आणि खुशाल आत शिरावा. संगणक अधूनमधून 'अपडेट करू का?' असे विचारी. मी 'नंतर' म्हणे. ते 'नंतर' कधी उजाडलेच नाही.

या संगणकात माझी एक ठेव होती. बारा वर्षे मी शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर हिंडून बायकांच्या तोंडची गाणी गोळा करीत होतो. जात्यावरची, लग्नातली, लावणीच्या वेळची. पहिली सात वर्षे वह्या भरल्या. पुढे हाती मोबाइल आला. आवाज टिपायचा, संगणकात उतरवायचा आणि मोबाइल रिकामा करायचा. एकेक आजीबाई पडवीत बसून गाऊ लागली की दिवस कुठे मावळला ते कळत नसे.

गेल्या श्रावणात एक लेख विशिष्ट फॉन्टमध्ये टाइप करून हवा होता. त्या प्रोग्रॅमला पैसे पडत होते. शोधताशोधता तोच एके ठिकाणी फुकट मिळाला. सोबत सूचना होती : बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा. पहारेकरी लाल अक्षरांत ओरडला. मला त्याचा रागच आला. माझ्याच घरात मलाच दटावतो! मी त्याला बंद केले.

रात्री एकही फाईल उघडेना. प्रत्येक नावाला चमत्कारिक शेपूट फुटले होते आणि पडद्यावर खंडणी मागणारे इंग्रजी पत्र झळकत होते. माझा एक जुना विद्यार्थी या विषयातला जाणकार आहे. तो आला, पाहिले आणि डॉक्टरसारख्या हलक्या आवाजात म्हणाला, "सर, पैसे भरू नका. भरले तरी फायली मिळतील याची खात्री नाही. दुसरी प्रत कुठे आहे?"

दुसरी प्रत नव्हती.

पुढे मी या विषयावर बरेच वाचले. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक असेच ओलीस धरले. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. म्हणजे माझ्यासारखे 'नंतर' म्हणणारे जगभर होते तर!

त्याच जूनमध्ये 'नॉटपेट्या' आला. मर्स्क या बड्या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे कामही अडले. हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या खऱ्याखुऱ्या अपडेटमधूनच पसरला होता. तिथे कुत्राही फसला आणि कडीही. मर्स्कला हात दिला तो आफ्रिकेतल्या घानाने. तिथल्या कचेरीची वीज गेली होती, म्हणून तिथला एक संगणक जोडणीतून सुटला होता. त्यातल्या प्रतीवरून कंपनीने आपली घडी पुन्हा बसवली. आमच्या मुरबाडकडे वीज गेली की मी चिडतो. त्या दिवसापासून जरा कमी चिडतो.

हे सारे मी आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "बी कुणी एकाच घरात ठेवतं का रे?" आमच्या भाताच्या बियाण्यातले अर्धे दरसाल मामाकडे असते. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. पाहत होतो, एवढेच.

पहिल्या सात वर्षांच्या वह्या तिच्या ट्रंकेत जशाच्या तशा होत्या. पुढच्या पाच वर्षांची गाणी गेली. त्यांतली एक म्हातारी आदल्या वर्षीच वारली होती. तिच्या सुनेकडे गेलो. तिने आठवतील तशी तीन गाणी म्हटली आणि थांबली. "बाकीची तुमच्याकडं आहेत ना, सर?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. मी चहा संपवला आणि उठलो.

पहारेकऱ्याला मी काढलेले नाही. त्याने भुंकायचे काम केले होते. ऐकले नाही ते मी. आता अपडेट त्याच दिवशी होते, पासवर्ड लांबलचक आहे, परका पेन ड्राइव्ह उंबऱ्याबाहेर थांबतो आणि फुकटच्या वस्तूला मी लांबूनच नमस्कार करतो. सुनेची तीन गाणी नव्याने टिपली आहेत. महिन्यातून एकदा सगळ्याची प्रत एका छोट्या हार्ड डिस्कवर घेतो आणि किन्हवलीवरून एस. टी.ने गावी नेऊन वह्यांशेजारी ट्रंकेत ठेवतो.

परवा आईने विचारले, "हे रे काय?"

"बी," मी म्हणालो.

रात्री दिवा मालवल्यावर तिचा प्रश्न आलाच. कडी लावल्याचे मला पक्के आठवत होते. तरी उठलो आणि हात लावून पाहिली.